‘पोरीचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपवर’ म्हणणाऱ्या सरांना

अभ्यासिकेतली
परवा इथेच ‘मास्तर_आर्णी’ यांनी लिहिलं, की मुलगी शिकायला अमरावतीला गेली तेव्हाच त्यांनी तिचं व्हॉट्सॲप आपल्या लॅपटॉपला जोडून घेतलं. तिला न सांगता. दीड वर्ष झालं, रोज सकाळी चहासोबत वाचतात. मुलगी 19 वर्षांची. खाली ‘सर, याला म्हणतात बाप’ म्हणत हात जोडणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी यवतमाळला खोली करून तलाठी भरतीचा अभ्यास करत होते, वय 23. एका मैत्रिणीनं सहज दाखवलं, की सेटिंगमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ म्हणून असतं. माझ्या फोनात तिथे एक ओळ होती: गूगल क्रोम, विंडोज. खाली ‘आज, 6:12’. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला मी नळावर बादली लावून उभी होते. घरात कॉम्प्युटर एकच, मोठ्या भावाचा. दिवाळीत फोन चार्जिंगला ठेवून मी अंगणात रांगोळी काढत होते, तेवढ्यात त्यानं काम उरकलं होतं.

माझं त्याला काय सापडलं? चालू घडामोडींच्या पीडीएफ आणि मेसच्या वरणावरची रडगाणी. पण माझी एक बालमैत्रीण, लग्न होऊन बाजूच्याच गावात दिलेली. तिचे दिवस दुसऱ्यांदा टिकले नव्हते. सासरी सांगितलं नव्हतं, फक्त मला लिहिलं होतं. भावानं ते वहिनीला सांगितलं. वहिनीचं माहेर त्याच गावातलं. पंधरा दिवसांत तिच्या सासूनं तिला भर अंगणात विचारलं. ती आजही माझ्याशी बोलत नाही. तिला वाटतं मीच सांगितलं. आणि मी तिला काय सांगू, की मी नाही, माझ्या भावानं वाचलं?

सर, सरकारला कोणाचा फोन ऐकायचा तर गृहसचिवाची सही लागते, आणि तो हुकूमही 60 दिवसांचा. तुमच्याकडे कोणाची सही आहे? तुमच्या मुलीला ज्या मुली लिहितात, त्यांचेही बाप तुम्हीच का?

मास्तर_आर्णी
ताई, तुमच्या भावाच्या पोटात गोष्ट राहत नाही याचा राग माझ्यावर काढू नका. मी कोणाला एक शब्द सांगत नाही, बायकोलाही नाही.

आता माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतली नववीतली मुलगी. हुशार, पहिल्या बाकावर बसणारी. इन्स्टाग्रामवर एकानं ‘मी भोपाळचा, मॉडेलिंग करतो’ म्हणून ओळख वाढवली. एक दिवस ती दप्तर घेऊन निघाली ती शाळेत आलीच नाही. रात्री 11 वाजता नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर सापडली. नशीब, एका कंडक्टरला शंका आली. तिच्या बापासोबत गेलो होतो मी. पोलिसांनी फोन उघडला तर चार महिन्यांचं सगळं त्यात. बाप सालदार माणूस, त्याला वाचता येत नाही. मला म्हणे, सर, तुम्ही तरी पाहायचं होतं. हे वाक्य तुम्ही ऐकलं नाही, मी ऐकलं. आता सांगा सही कोणाची.

पऱ्हाटी
सरचं बरोबर हाय. ज्याच्या मनात चोर नाई त्याले भीती कायले? माह्या फोनले तर लॉकच नाई. कोणीबी घ्या, पाहा.

आशाताई_घाटंजी
‘माझ्या फोनला लॉक नाही’ म्हणणारा माणूस कधी बाई नसतो. मी आशा सेविका आहे, गावातल्या बायांच्या आरोग्याचं काम करते. माझ्या फोनात गावातल्या बायांचं काय काय असतं हे तुम्हाला सांगायचं नाही, म्हणूनच तो लॉक असतो. कोणाला पाळी चुकली, कोणाला गोळ्या हव्यात, कोणाच्या नवऱ्याला टीबीची औषधं चालू आहेत. माझ्या घरच्यांनी ते वाचलं तर उद्या एक बाई मला लिहिणार नाही. अभ्यासिकेतलीचं हेच म्हणणं आहे, आणि सरांनी त्याचं उत्तर दिलं नाही. नववीतली मुलगी वेगळी, 19 ची वेगळी. सर, तुम्ही एकीचं दुखणं सांगून दुसरीला औषध देता.

तालुक्याचा वकील
रविवारी कायदा नको म्हटलं होतं, पण चूक वाचवत नाही. सज्ञान माणसाच्या खात्यात परवानगीशिवाय शिरणं आयटी ॲक्टच्या कलम 43 मध्ये येतं. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम 66: 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काळजीपोटी केलं हे अप्रामाणिक कसं, यावर मी सरांच्या बाजूनंही तासभर भांडेन. पण भारतीय न्याय संहितेचं कलम 78 वाचा. स्त्री इंटरनेट, ईमेल कसं वापरते यावर पाळत ठेवणारा पुरुष. तो रस्त्यावरचा टपोरीच असला पाहिजे असं तिथे लिहिलेलं नाही. ‘परिस्थितीत वाजवी होतं’ हा बचाव आहे, पण तो सिद्ध करायचं काम पाळत ठेवणाऱ्याचं.

वरुडचा काका
सुप्रीम कोर्टानं तर परवानगी दिली ना मागच्या साली? ग्रुपवर आलं होतं. नवरा-बायको एकमेकाचं रेकॉर्डिंग करू शकतात म्हणून. अन् बायको नवऱ्याचा फोन रोज तपासते त्याला कलम 78 नाही का? सगळे कायदे एकाच बाजूनं.

तालुक्याचा वकील
काका, त्याच फॉरवर्डमुळे लोक पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येतात. 14 जुलै 2025 चा निकाल एवढंच सांगतो, की घटस्फोटाच्या खटल्यात चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वाचता येईल. पुरावा चालतो म्हणजे कृत्य चालतं असं नाही. चोरीच्या विळ्यानं सोयाबीन सोंगता येते, म्हणून विळा आपला होत नाही. बायकोनं नवऱ्याचं वाचलं तर 78 लागत नाही, हे तुमचं खरं. 43 आणि 66 मात्र तिलाही लागतात. आता मन शांत झालं?

पऱ्हाटी
कायद्याचं जाऊ द्या, माहं ऐका. मागच्या उन्हाळ्यात दिग्रसकडे पोरगी पाहाले गेलो. पोहे झाले, चहा झाला. पोरीच्या मामानं म्हटलं, फोन दाखवता का? म्या दिला, लॉक नाईच. त्यानं दहा मिनिटं पाहिलं. ‘ट्रॅक्टर हप्ता’ म्हणून आमचा चार जणांचा ग्रुप हाय, त्यात फायनान्सवाल्याचे मेसेज. दुसऱ्या दिवशी निरोप, पोरगी अजून शिकणार हाय म्हणे. दोन महिन्यांत तिचं लग्न पुण्यातल्या कंपनीवाल्याशी. त्याचा फोन पाह्यला असन का कोणी?

आशाताई_घाटंजी
म्हणजे मनात चोर नव्हता, तरी फोनानं तुमचं लग्न मोडलं. तुम्हीच सांगितलं बरं का.

पऱ्हाटी
फोनानं नाई, सात-बारानं मोडलं. 6 एकर कोरडवाहू. आता पोरी शेतकऱ्याले नाईच म्हणतात. नोकरीवाला पाहिजे, अन् वावरबी पाहिजे. 33 चा झालो मी. आमच्या गावात 30 च्या वरचे 22 पोट्टे बसून हायेत, मोजले म्या.

वरुडचा काका
सोलापूरला 2022 मध्ये पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा काढला होता, आठवतं? लोक हसले. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे असून हाल तेच आहेत. पोरीच्या बापाला विचारलं तर म्हणते ‘भाव कुठं हाय’. त्याचंही चूक नाही म्हणा.

अभ्यासिकेतली
पोरी नाही म्हणतात, पोरी नाही म्हणतात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे 894 मुली होत्या. तेव्हाच्या त्या मुली आता लग्नाच्या वयात येतायत. ज्या जन्मल्याच नाहीत त्यांनी तुम्हाला नकार दिलेला नाही. आणि ज्या आहेत त्यांनी रात्री दोनला मोटार चालू करायला वावरात जाणाऱ्या आईला पाहिलंय. मीही पाहिलंय.

पऱ्हाटी
म्हणजे माह्या मायनं पोरी मारल्या का? तोंड सांभाळून बोला. शहरात खोली करून चार पुस्तकं वाचली की गावातले सगळे बह्याड वाटतात तुमाले.

अभ्यासिकेतली
तुमच्या आईबद्दल मी काहीच बोलले नाही. आणि त्या चार पुस्तकांसाठी बापानं बैलजोडी विकलीय, ते शब्द परत घ्या.

पऱ्हाटी
घेतले. बैलाचं मले माहीत नव्हतं.

मास्तर_आर्णी
धागा कुठून कुठे नेला! मूळ मुद्द्यावर या. आपल्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यात बांशीच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये 18 च्या आतल्या मुलांना मोबाईल बंद केला होता. अख्खं गाव काळजी करते तर ठराव, आणि बाप करतो तर गुन्हा?

आशाताई_घाटंजी
तो ठराव तरी ग्रामसभेत, सगळ्यांसमोर झाला सर. मुलांना माहीत होतं. तुमचा ठराव कोणत्या सभेत झाला?

तालुक्याचा वकील
बाईंना वकिली जमली असती.

मास्तर_आर्णी
बरं. शनिवारी मुलगी घरी येईल तेव्हा तिला सांगेन, की जोडलेलं आहे. काढणार नाही, सांगेन. तिनं काढून टाकलं तर तिची मर्जी. आणि अभ्यासिकेतली ताई, तुमच्या त्या मैत्रिणीचं वाईट वाटलं. मुलीच्या एका मैत्रिणीबद्दल मलाही काही माहीत आहे, जे मला माहीत असायला नको होतं. ती आमच्या घरी आली की माझ्याच्यानं तिच्याकडे धड पाहवत नाही. एवढंच मान्य करतो. बाकी नाही.

अभ्यासिकेतली
एवढं पुरे. ‘बाकी’चं शनिवारनंतर पाहू.

पऱ्हाटी
सगळे बोलून राह्यले म्हणून म्याबी ते लिंक्ड डिव्हाइस पाहिलं. वकीलसाहेब, मले तथी एक ‘विंडोज’ दिसून राहिला. माह्याकडे कॉम्प्युटर नाई.

आशाताई_घाटंजी
कुठे प्रिंट काढायला फोन दिला होता का? झेरॉक्सवाले कोड स्कॅन करून घेतात आणि नंतर कोणी काढत नाही. अर्ध्या गावाचं तसंच आहे. त्या ओळीवर दाबा, लॉग आउट करा.

पऱ्हाटी
हौ, पीकविम्याचे कागद काढले होते, जुलैत. पण खाली लिहेल हाय ‘काल, 11:40’. रात्रीचं. त्याचं दुकान तर 8 वाजता बंद होते.