फुकटात घेतलेल्या थीममधल्या चुका बनवणाऱ्याला कशा कळवायच्या?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. मी वर्डप्रेसवर मराठी ब्लॉग लिहिते, मुख्यतः पाककृती. मध्यंतरी एक फुकट थीम (ब्लॉगच्या दिसण्याचा तयार साचा) लावली, दिसायला खरंच सुंदर आहे, फोटो मोठे येतात, मोबाइलवर पटकन उघडते. पण मराठी मजकूर टाकल्यावर काही गोष्टी खटकायला लागल्या. मेन्यूतली अक्षरं सुटी सुटी दिसतात, म्हणजे 'पाककृती' या शब्दाची शिरोरेघ मधे मधे तुटते. पहिल्या पानावर ज्या चौकटी आहेत ना, त्यातल्या शीर्षकाच्या वरच्या मात्राच कापल्या जातात, 'मेथीचे लाडू' लिहिलं तर 'मथाच लाडू' दिसतं! आणि तारीख वगैरे इतक्या फिक्या करड्या रंगात आहे की माझ्या आईला ती दिसतच नाही. बटणाचा गुलाबी रंगही मला आवडलेला नाही पण ते जाऊ दे.

थीमचं नाव मुद्दाम देत नाहीये. बनवणारा परदेशातला आहे, एकटाच करतो असं दिसतं, आणि त्याच्या पानावर लोकांनी 'एकदम बेकार' असं लिहून एक तारा देऊन ठेवलाय ते वाचून मलाच वाईट वाटलं. मला त्याला दुखवायचं नाही, थीम बदलायचीही नाही, फक्त हे सुधारलं तर माझ्यासारख्या बऱ्याच जणांचं काम होईल. तर हे सांगावं का, कुठे सांगावं आणि कसं? इंग्रजी लिहिता येतं मला, पण टेक्निकल शब्द येत नाहीत.

कोकणकडा

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. धर्माची गाय आणि दात का गं नाय असं करू नये. त्या माणसाने स्वतःचा वेळ घालून बनवलंय आणि एक पैसा न घेता दिलंय. या थीम जीपीएल या खुल्या परवान्याखाली असतात, म्हणजे कोड उघडून हवा तो बदल करायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. चाइल्ड थीम करा, म्हणजे मूळ थीमवर बसणारी आपली छोटी थीम, त्यात चार ओळी सीएसएस (रंगरूप ठरवणारा कोड) टाका, काम झालं. थीमचं अपडेट आलं तरी चाइल्ड थीममधलं पुसलं जात नाही. गुलाबी रंगाचं तर दोन मिनिटांत होईल.

थीमवाला_अण्णा

कोकणकडा, चाइल्ड थीमचं बरोबर आहे पण बाकीचं नाही पटलं. मी स्वतः फुकट थीम बनवून देतो आणि सांगतो, आम्हाला गप्प बसणाऱ्या माणसाचा काडीचा उपयोग नाही. तो थीम लावतो, काहीतरी बिघडतं, तो काढून टाकतो आणि आम्हाला कधी कळतच नाही. ताईंनी चाइल्ड थीममध्ये दुरुस्ती केली तर ती त्यांच्यापुरती राहिली, पुढचा मराठी माणूस, हिंदी माणूस, नेपाळी माणूस परत तिथेच अडकणार.

आता कसं सांगायचं. 'थीम मस्त आहे पण मराठी नीट दिसत नाही' असा निरोप मला आला तर मी काय करणार? मला वाटतं फॉन्टचा घोळ असेल, तासभर शोधतो, माझ्या मशीनवर सगळं ठीक दिसतं, मी सोडून देतो. त्यापेक्षा असं आलं तर, की पहिल्या पानावरच्या चौकटीतलं शीर्षक, क्रोम, अँड्रॉइड फोन, हा मजकूर टाकला, हे दिसायला हवं होतं आणि हे दिसलं, सोबत स्क्रीनशॉट, तर मी त्याच दिवशी बसतो. थीमचा व्हर्जन नंबर द्यायचाच. कुठलं प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेली जादा सोय) चालू आहे तेही सांगायचं, आणि त्याआधी प्लगइन सगळी बंद करून एकदा बघायचं, कारण कित्येकदा दोष थीमचा नसतोच, मधेच कुठल्यातरी पेज बिल्डरने, म्हणजे पानं मांडायच्या प्लगइनने, स्वतःचं सीएसएस घुसवलेलं असतं.

कुठे लिहायचं म्हणाल तर वर्डप्रेसच्या डिरेक्टरीत प्रत्येक थीमच्या पानावर सपोर्टचा भाग वेगळा आणि रिव्ह्यूचा वेगळा आहे. बग, म्हणजे थीममधली चूक, नेहमी सपोर्टमध्ये. ताऱ्यांमध्ये बग लिहिला की ती तक्रार न राहता निकाल होतो, मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं तरी तो एक तारा तसाच लटकत राहतो, कारण लिहिणारा परत बघायला येत नाही. गिटहबची (कोड ठेवायच्या साइटची) लिंक दिली असेल तर तिकडे इश्यू, म्हणजे तक्रारीची नोंद, टाकलेला सगळ्यात बरा. फक्त सुरक्षेची भानगड असेल, म्हणजे फॉर्ममधून काहीही आत घुसवता येतंय असं काही, तर ते चारचौघांत लिहायचं नाही, थेट मेल करायचा.

एका निरोपात एकच गोष्ट. तुमच्या तीन आहेत तर तीन वेगळे धागे, म्हणजे त्याला एक दुरुस्त करून बंद करता येतो. गुलाबी बटण यात अजिबात नको. ती आवड आहे, आणि आवडीची गोष्ट बगमध्ये मिसळली की वाचणाऱ्याला बगही आवडीचाच वाटायला लागतो. करड्या रंगाचं मात्र आवडीवर सोडायचं नाही, ते मोजता येतं. वेबच्या सुलभतेचे जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत त्यात डबल ए पातळीला साध्या आकाराच्या अक्षरांना मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) लागतो, मोठ्या अक्षरांना ३ ला १. पांढऱ्यावर ९९९९९९ कोडचा करडा टाकला, फार लोकप्रिय आहे तो, तर जेमतेम २.८५ भरतो. ७६७६७६ केला की ४.५ च्या वर जातो आणि डिझाइनही बिघडत नाही. क्रोममध्ये त्या तारखेवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट केलं की रंगाच्या चौकटीत हा आकडा दिसतो. 'आईला दिसत नाही' हेही लिहा, पण आकडा जोडून.

नि_देवनागरी

अण्णांना +१. मी फॉन्ट आणि टायपोग्राफीत काम करते म्हणून मराठीपुरतं जरा सविस्तर लिहिते, कारण ताईंच्या पहिल्या दोन्ही तक्रारींचं मूळ अगदी ठरलेलं आहे.

मेन्यूतली शिरोरेघ तुटते ती लेटर-स्पेसिंगमुळे. इंग्रजी मेन्यू कॅपिटलमध्ये करून अक्षरांत थोडं अंतर टाकायची फॅशन आहे, तिथे ते छान दिसतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत त्यामुळे तो भाग आपोआप गळतो, पण अंतर मात्र तसंच राहतं आणि शब्दाचे तुकडे होतात. मात्रा कापल्या जातात त्याचं कारण लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची. शीर्षकाला १.१ वगैरे दिलेली असते, त्यावर दोन ओळींत शीर्षक बसवायला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवणारी सूचना) लावतात, मग शिरोरेघेच्या वरचं सगळं, म्हणजे मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, सपकन छाटलं जातं. खाली उकार पण जातात कधीकधी. १.४ - १.५ केलं की बहुतेक वेळा सुटतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, बनवणाऱ्याला देवनागरी वाचता येत नाही. त्याला तुटलेली शिरोरेघ बघून काहीच चुकीचं वाटणार नाही, 'मथाच' आणि 'मेथीचे' यातला फरक त्याला दिसणारच नाही. म्हणून नुसता बिघडलेला स्क्रीनशॉट पाठवून भागत नाही, बरोबर कसं दिसायला हवं तोही शेजारी लावायचा आणि कुठे बघायचं तिथे बाण काढायचा. शिवाय मजकूर कॉपी करता येईल असा द्या, चित्रात नको, कारण त्याच्याकडे मराठी टाइप करायची सोय नसणार. वर्डप्रेसचा थीम तपासायचा जो नमुना मजकूर असतो तोही मुख्यतः इंग्रजीच आहे, त्यामुळे कितीही काळजीपूर्वक काम करणारा माणूस असला तरी हे त्याच्यापर्यंत पोचायला दुसरा रस्ताच नाही. हे आपल्याशिवाय कोण सांगणार?

मी नेहमी अशी एक ओळ पाठवते: 'दऱ्याखोऱ्यांतल्या स्त्रियांनी ॲपवर कैऱ्यांची कीर्ती वाढवली, कळलं?' अर्थाला काही नाही, पण त्यात आपला ऱ्य आहे, ॲ आहे, ळ आहे, रफार वेलांटी एकत्र आहे. ज्या फॉन्टमध्ये काही कमी असेल तो इथे उघडा पडतो.

अजून एक तपासा. थीमबरोबर जो फॉन्ट येतो त्यात देवनागरी आहे का? मॉन्टसेराटमध्ये नाही. पॉपिन्समध्ये आहे, पण हल्ली थीमवाले फॉन्टच्या फाइली थीममध्येच भरून देतात आणि वजन कमी ठेवायला फक्त लॅटिन, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, भाग घेतात. मग ब्राउझर मराठीसाठी मशीनवरचा जो मिळेल तो फॉन्ट उचलतो, विंडोजवर निर्मला, अँड्रॉइडवर नोटो, मॅकवर कोहिनूर, आणि तुमचा ब्लॉग प्रत्येकाला वेगळा दिसतो. हे सुचवताना 'तुमचा फॉन्ट बदला' म्हणू नका, त्याने तो विचार करून निवडलेला असतो. 'मागे पर्याय म्हणून मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी जोडता येईल का' असं विचारा, दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत, त्याला एक पैसा खर्च नाही.

कोकणकडा

नि, हे पटलं. मला वाटलं होतं रंगबिंग आवडत नाही म्हणून कुरकुर चाललीय. वाचता न येणं ही वेगळी गोष्ट आहे. फक्त एक सांगतो, सांगून झालं की घाई करू नका. तिसऱ्या दिवशी 'अजून झालं नाही का' असं विचारणारे लोक बघितलेत मी, फुकट देणाऱ्याच्या डोक्यावर बसायचं नाही. तोपर्यंत चाइल्ड थीम आहेच.

थीमवाला_अण्णा

हो, आणि चाइल्ड थीममध्ये जे सीएसएस चाललं तेच निरोपात जोडायचं. 'हे मी माझ्याकडे लावून बघितलं, चाललं' हे वाक्य वाचलं की अर्धं काम झालेलं असतं आमचं. चूक असलं तरी चालेल, तो बघून घेईल.

शब्दवेडी

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय, खूप खूप आभार. प्लगइन बंद करून बघितलं, दोष थीमचाच आहे. चौकटीच्या शीर्षकाचं असं लिहिलंय, इंग्रजीत करून पाठवेन, जरा बघता का:

"नमस्कार. तुमची थीम मी मराठी पाककृतींच्या ब्लॉगसाठी वापरते, फोटोंची मांडणी मला फार आवडते. एक अडचण आहे. मुखपृष्ठावरच्या चौकटीत देवनागरी शीर्षकाचा वरचा भाग कापला जातो. ही चिन्हं स्वरांची असतात, ती गेली की शब्दच बदलतो. सोबत दोन चित्रं आहेत, डावीकडे आत्ता दिसतं ते, उजवीकडे दिसायला हवं ते. तपासायला मजकूर: मेथीचे लाडू. क्रोम, अँड्रॉइड आणि विंडोज दोन्हीकडे हेच होतं, सगळी प्लगइन बंद करूनही. लाइन-हाइट १.१ ची १.५ केल्यावर माझ्याकडे नीट दिसलं. मला कोडिंग येत नाही, त्यामुळे याचा दुसरीकडे काही परिणाम होत असेल तर मला कळणार नाही. तुम्हाला हवं असेल तर नवीन व्हर्जन आल्यावर मी मराठीत तपासून कळवेन. माफ करा, तुमचा वेळ घेतला, तुम्ही फुकट देताय आणि मी तक्रार करतेय."

नि_देवनागरी

उत्तम झालंय. शेवटचं माफीचं वाक्य काढा, तपासून द्यायची तयारी दाखवलीत तिथेच थांबा. 'देवनागरी'च्या पुढे 'हिंदी, मराठी, नेपाळी या भाषांची लिपी' एवढं घाला, म्हणजे हा प्रश्न किती लोकांचा आहे ते त्याला लगेच कळेल.

थीमवाला_अण्णा

व्हर्जन नंबर राहिला ताई. तो घाला आणि पाठवून द्या. करड्या रंगाचं आणि मेन्यूचं दोन-चार दिवसांनी वेगळं टाका, याला उत्तर कसं येतंय ते बघून.