मदत हवी आहे : ठाण्यात पुनर्विकास रखडलाय, रविवारच्या सभेत बिल्डरला नेमकं काय विचारू?

नमस्कार मंडळी,

नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर घरं रिकामी केली. करारात ३० महिने, वर सहा महिन्यांची सवलत. दोन्ही मुदती उलटल्या आणि १८ पैकी ११ स्लॅब झालेत. आई-बाबा कळव्याला भाड्याने राहतात. बाबा ७६ वर्षांचे आहेत, म्हणून जीव तुटतो.

बिल्डरच्या पत्रात उशिराची कारणं दिलीत: पाऊस, मजूरटंचाई, परवानग्या. पण बाबा रविवार सोडून रोज साइटसमोरच्या मेडिकलच्या पायरीवर बसतात आणि डायरीत लिहितात, आज किती माणसं, काय काम. दोन रात्री जागून मी ती एक्सेलमध्ये उतरवली.

पावसाचं पहिल्या वर्षापुरतं खरं आहे. खोदकाम एप्रिल २०२३ मध्ये काढलं, जूनमध्ये खड्डा भरला, पुढे चार महिने नुसते पंप. तेच काम आदल्या डिसेंबरात सुरू झालं असतं तर? वरच्या मजल्यांना मात्र पाऊस फारसा आड आलेला नाही. सातव्या स्लॅबच्या सळया बांधून तयार होत्या, पण वायरिंगच्या पाइपांचा नकाशा आला नाही म्हणून अकरा दिवस गेले. बाबांची नोंद : "आज दोनच माणसं. सळईला गंज धरला." नवव्याच्या वेळी काँक्रीट चढवायचा पंप येऊन उभा, आणि आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या सकाळच्या जड वाहनबंदीत अडकलेल्या. होळीला गावी गेलेले सेंट्रिंगवाले, म्हणजे स्लॅबखालचे साचे आणि टेकू लावणारे कामगार, एप्रिल संपला तरी परतले नाहीत. मुकादमाचं बिल थकलं होतं, हे नंतर कळलं. आमचीही चूक आहे. पाच सभासदांनी बाथरूमच्या जागा बदलून मागितल्या, नकाशे परत आर्किटेक्टकडे गेले, आणि त्यातल्या दोघांनी अजून अंतिम सही केलेली नाही.

आता बिल्डर म्हणतो, दर दहा दिवसांनी एक स्लॅब टाकतो. विश्वास ठेवावा का? समितीत इंजिनिअर कोणी नाही. आम्हाला भांडण नको, घर हवंय. काय मागू?

प्रतिसाद १

ताई, मी ऐरोलीला साइट इंजिनिअर आहे. दहा दिवसांचं ऐकून आधी एकच विचारा : सेंट्रिंगचे संच किती? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात (म्हणजे दोन आधारांमधल्या अंतरात) स्लॅबखालचे टेकू सात दिवस काढता येत नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्यात चौदा. बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. एकाच संचावर दहा दिवसांत स्लॅब म्हणजे टेकू लवकर निघणार, तसं होऊ देऊ नका. जादा संच आणला तर वेग सुरक्षितपणे वाढतो.

दुसरं, खालचे टेकू निघालेल्या मजल्यांवर वीटकाम आणि प्लंबिंग आत्ताच सुरू करायला सांगा. अठरावा स्लॅब होईपर्यंत थांबायचं कारण नाही. लिफ्टची ऑर्डर दिली का, हेही विचारा. इमारत उभी आणि लिफ्ट कारखान्यात, असं फार वेळा बघितलंय.

आणि तारखांचा तक्ता लेखी घ्या. पुढच्या तीन आठवड्यांत कुठला नकाशा, कुठलं सामान, किती माणसं लागणार, ते दर सोमवारी समितीला कळवायचं. मुकादमाचं बिल वेळेवर निघतंय ना, एवढं बघितलंत तरी निम्मं काम होईल. महारेराच्या (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या) वेबसाइटवर प्रकल्प शोधा, मुदतवाढ मागितली असेल तर तिथे दिसेल.

काकांची डायरी सभेत नक्की न्या. तारीखवार नोंद असली की बोलणं मुद्द्यावर राहतं.

मूळ लेखिका

दादा, मनापासून आभार. टेकूंचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. बाबांना वाचून दाखवलं, सेंट्रिंगचे संच उद्याच मोजून येतो म्हणाले. राहिलेल्या दोन सह्यांसाठी आज संध्याकाळी मीच त्यांच्या घरी जाते. लिफ्टच्या ऑर्डरची पावती दाखवा म्हणायचा समितीला हक्क असतो का, एवढं कोणी सांगेल का?