स्वस्त द्यावं, पण फीचा हिशोब करून

सॉफ्टवेअरची आणखी एक कॉपी काढायला खर्च नाही, मग कमी पगाराच्या देशांत ते स्वस्त विका, असं म्हणतात ते मला मनापासून पटतं, पण एकट्या डेव्हलपरला पेमेंटची फी नडते. स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट घेऊन देणाऱ्या कंपनीचा अमेरिकेतला कार्डाचा नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट, म्हणजे २० डॉलरच्या अ‍ॅपवर ८८ सेंट जातात आणि तेच २ डॉलरला दिलं तर जवळपास ३६ सेंट, सरळ १८ टक्के! मदत मागणारे मेल तर पूर्ण किंमत देणारा आणि स्वस्तात घेणारा, दोघांचेही सारखेच येतात. व्हीपीएन लावून दुसऱ्याच देशातून आल्याचं भासवत स्वस्तात घेणाऱ्यांची भीती असेल तर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, नका बघू, कार्ड कुठल्या देशातलं आहे ते बघा. मी तरी सूट निम्म्यावर थांबवेन, पण देईन नक्की, आज क्रॅक, म्हणजे फुकटची चोरीची कॉपी, शोधणाऱ्या विद्यार्थ्याला परवडलं तर तो पैसे देतो हो.