चर्चा: आहार शिकवणं हे सरकारचं काम आहे का?

ताटवाटी: सप्टेंबर आला की सरकारचा पोषण माह. प्रभातफेरी, रांगोळी, पाककृती स्पर्धा, फोटो. अंगणवाड्या चालवणाऱ्या एकात्मिक बालविकास योजनेत आहार-आरोग्य शिक्षण १९७५ पासून आहे. तरी एनएफएचएस-५ हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा अहवाल (२०१९-२१) सांगतो, देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या जेमतेम ११.३ टक्के बाळांना पुरेसा आहार मिळतो. शिकवण्या पुरे, तो पैसा अंडी-डाळीत घाला.

नाचणीसत्त्व: याच आकड्यासाठी शिकवणी हवी! सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करायचं, एवढं पोस्टरवर असतं. किती आणि किती घट्ट, ते राहून जातं. वरणाचं पाणी, पातळ पेज यांनी इवलंसं पोट भरतं, उष्मांक मात्र मिळत नाहीत. घास चमचा तिरका केल्यावर ओघळू नये, इतका घट्ट हवा. आधी २-३ चमचे, मग वाढवत २५० मिलीची अर्धी वाटी, दिवसातून २-३ वेळा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, ३-४ वेळा. वर थोडं तेल-तूप. हे वाटी-चमचा घेऊन चुलीपाशीच दाखवावं लागतं.

ताटवाटी: दाखवणार कोण? अंगणवाडी सेविकाच ना? वजन-उंची, आहारवाटप, पोषण ट्रॅकर अ‍ॅपमध्ये माहिती भरणं, यातून गृहभेटीला वेळ कुठला! बाळाच्या ५०० उष्मांकांच्या हिशेबाने दिलेला टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा शिधा, सगळी भावंडं वाटून खातात, ते आई अडाणी म्हणून नव्हे, डबे रिकामे म्हणून. २०१५ची अमृत आहार योजना आदिवासी भागातल्या गरोदर-स्तनदांना अंगणवाडीतच गरम जेवण देते. तिथे वाटेकरी नसतो.

पुडीवाचक: आणि पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांचं काय? दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, पण पाकिटावर छापतात सोडियम, तेही मिलिग्रॅममध्ये. अडीचने गुणा, तेव्हा मीठ कळतं. दुकानात हा गुणाकार कोण करतो? एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२च्या मसुद्यात पाकिटावर पौष्टिकतेचे तारे छापायचे होते. त्यात सुकामेवा-फळांचे गुण मिळवून गोड पदार्थही वर सरकू शकतो. चिलीत २०१६ पासून आहे तसा मीठ-साखर जास्त असल्याचा काळा अष्टकोनी इशारा पुढच्या बाजूला हवा. हे कायद्यानेच होईल, व्याख्यानाने नाही.

नाचणीसत्त्व: इशारा हवाच. पण ताटवाटी, नुसतं वाटूनही भागत नाही. गरोदरपणातली लोहाची गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. चहा तासभर लांब ठेवायचा. गोळीने शी काळी होते, हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि गोळ्या फडताळात पडून राहतात.

ताटवाटी: मग ते दोन मिनिटांत गोळी देतानाच सांगा. त्यासाठी प्रभातफेरी कशाला?