विमानाची दुरुस्ती कंपनीच्या मर्जीवर सोडायची? ‘तापीकाठ’ यांना उत्तर

जुना_मेकॅनिक (यावल):

काल तापीकाठ यांनी इथे लिहिलं की नोव्हेंबरअखेर एअरबसच्या सॉफ्टवेअरवरून जे रामायण झालं ते नुसते कागदी घोडे होते. एका विमानाला एकदा झटका बसला, कोणी मेलं नाही, तरी भारतातल्या 338 विमानांच्या मागे लागले. असल्या सक्तीचा खर्च शेवटी तिकिटावर येतो आणि पहिली कुऱ्हाड जळगावच्या विमानावर पडते. आणि कंपन्यांना आपलं विमान पाडायचं नसतं, तेव्हा काय कधी बदलायचं ते त्यांनाच ठरवू द्या. असं त्यांचं म्हणणं, आणि खाली अंगठ्यांची रांग.

दादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझी हयात हँगरमध्ये गेली, लायसन्सवर सह्या केल्या. हे वाचून गप्प बसवलं नाही.

तो ‘झटका’ असा होता. 30 ऑक्टोबर 2025, कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेलं एअरबसचं ए320. ऑटोपायलट चालू, आणि कोणी काही न करता नाक खाली गेलं. विमान टॅम्पाला उतरवावं लागलं, काही प्रवासी थेट दवाखान्यात गेले. सूर्याच्या तीव्र किरणोत्सर्गाने एलॅक नावाच्या कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो, असं एअरबसने सांगितलं. तो कॉम्प्युटर विमानाचं नाक वर-खाली करतो. तेच सॉफ्टवेअर जगभरातल्या हजारो विमानांत. मग युरोपच्या विमान सुरक्षा खात्याने 28 नोव्हेंबरला तातडीचा आदेश काढला, आपल्या डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, तो लागू केला. बहुतेक विमानांत जुनं सॉफ्टवेअर परत टाकायचं होतं, दोन-तीन तासांचं काम. आपल्याकडची बहुतेक विमानं दोन दिवसांत मोकळी झाली. माणसं मरायची वाट न बघता आदेश निघाला, यात चूक काय झाली?

आता ‘त्यांनाच ठरवू द्या’. तेही करून झालंय. 1972 च्या जूनमध्ये डीसी-10 विमानाचा सामानाचा मागचा दरवाजा कॅनडात विंडसरच्या वर हवेत उडाला. दरवाजा बाहेर उघडणारा. आतल्या कड्या पूर्ण बसल्या नसल्या तरी बाहेरचं हँडल जोर लावलं की बंद व्हायचं. दरवाजा गेला, केबिनची फरशी खचली, तिच्याखालच्या कंट्रोलच्या केबली दबल्या. वैमानिकाने कसंबसं उतरवलं, सगळे वाचले. तेव्हा अमेरिकेच्या विमान खात्याच्या, एफएएच्या प्रमुखांनी आणि कंपनीच्या प्रमुखांनी फोनवर ठरवलं की आदेश काढायला नको, कंपनी बुलेटिन, म्हणजे स्वतःचं सूचनापत्र, काढून दुरुस्ती करून घेईल. 3 मार्च 1974 ला पॅरिसजवळ तसाच दरवाजा तशाच विमानातून उडाला. 346 माणसं गेली.

कंपनीला विमान पाडायचं नसतं हे खरं. पण ‘आज रात्री नको, पुढच्या चेकला करू’ हे तिला रोज म्हणायचं असतं. मी ते कानाने ऐकलंय. पहाटेचं उड्डाण भरलेलं, विमान खाली अडकलेलं, आणि वरून फोन: ‘बुलेटिनच आहे ना? मग सोड.’ बुलेटिन असलं की माझ्यासारखा माणूस अडून बसू शकत नाही. एडी, म्हणजे सरकारचा सक्तीचा आदेश असला, तिच्यावर तारीख किंवा तास लिहिलेले असले, की साहेबाचा साहेबही मला सही करायला लावू शकत नाही. सक्तीचा उपयोग हा आहे.

तापीकाठ (जळगाव):

मेकॅनिक साहेब, अनुभवाला नमस्कार. पण तुम्ही माझ्या पोस्टमधला जळगावचा मुद्दा अलगद उचलून बाजूला ठेवला.

2012 ला आपल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. नियमित विमान यायला 2017 चा डिसेंबर उजाडला. मग बंद. 2019 ला पुन्हा सुरू, पुन्हा बंद. 2024 पासून परत चाललंय. माझ्या वहिनीची ट्रीटमेंट मुंबईला चालू आहे. रस्त्याने न्यायचं तर सगळा दिवस जातो आणि ती पुढचे दोन दिवस उठत नाही. या मार्गावर उडणाऱ्यांकडे विमानं मोजकी. एक विमान दुरुस्तीला बसलं की मुंबई-दिल्लीचं काही अडत नाही, आपलं गाव नकाशावरून पुसतात. धुळेकरांना विचारा, गोंदूरला धावपट्टी असून प्रवासी विमानाचा पत्ता नाही.

आणि सक्ती सक्ती म्हणता, ती पाळते कोण? 2025 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विमानांचा जो बट्ट्याबोळ झाला, तो वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमावरून. सर्वांत मोठ्या कंपनीने तयारी केली नाही आणि सरकारने तिलाच 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सवलत दिली. मोठ्याने हात वर केले की नियम वाकतो. मग हा नियम आम्हा लहान गावांच्याच डोक्यावर का?

जून 2025 च्या अहमदाबादच्या विमान अपघाताचंही सांगा. तपासाच्या प्राथमिक अहवालात लिहिलंय की बंधनकारक सगळे आदेश पाळलेले होते. तरी 260 लोक गेले.

भुसावळची_सून:

विमानाचं काय घेऊन बसलात भो! इथे किती जण महिन्याला विमानात बसतात? पुण्याला पोरं शिकतात, नोकऱ्या करतात, ती रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सने जातात. तिकडे कोण आदेश काढतं?

दिवाळीनंतर मी लेकीला सोडायला गेले होते. सगळ्यात मागचा बर्थ मिळाला. पायाशी आपत्कालीन दरवाजा, त्यावर लाल अक्षरं. दरवाज्याच्या हँडलला सुतळी बांधलेली आणि समोर छताला टेकतील एवढी खोकी. काच फोडायच्या हातोड्याची नुसती चौकट भिंतीला, हातोडा नाही. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे, ‘ताई, पोरं चोरून नेतात.’ मी रात्रभर डोळा लावला नाही. 8 ऑक्टोबर 2022 ला नाशिकला बस पेटली, 12 जण गेले. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर 25 जण जळाले. प्रत्येक वेळी आठ दिवस तपासणी, मग पुन्हा तीच खोकी.

पारोळा_रोडलाइन्स:

ताई, ट्रॅव्हल्सवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे. माझ्या मावसभावाच्या दोन गाड्या आहेत. टोल, परमिट, इन्शुरन्स, डिझेल, सीझन संपला की अर्ध्या सीटा रिकाम्या. पार्सल नसलं तर गाडीचा हप्ता निघत नाही. प्रवासी शंभर रुपये कमी म्हणून दुसऱ्या गाडीत बसतो, तेव्हा हातोडा विचारत नाही.

भुसावळची_सून:

हप्ता निघत नाही म्हणून माझ्या लेकीच्या पायाशी खोकी रचायची? पार्सल डिकीत ठेवा. डिकी भरली तर घेऊ नका.

पारोळा_रोडलाइन्स:

डिकीत प्रवाशांच्याच बॅगा असतात. तुम्ही कधी धंदा केला नाही म्हणून बोलता.

अमळनेरचा_मास्तर:

धंदा न केलेल्या माणसाला जळून मरायचं नाही, एवढं बोलायला धंदा लागत नाही भाऊ. 18 जुलै 2022 ला आपल्या अमळनेर आगाराची इंदूरहून येणारी गाडी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत गेली. सबंध तालुका हादरला. मदत जाहीर झाली, चौकशी लागली. त्यावरून देशातल्या दुसऱ्या एखाद्या बसमध्ये एक तरी वस्तू बदलायचा हुकूम निघालेला मला दिसला नाही. माझा प्रश्न एवढाच आहे.

पारोळा_रोडलाइन्स:

कागदावर सगळं आहे मास्तर. बस कशी बांधायची त्याचा बस बॉडी कोड आहे, स्लीपरला एआयएस-119 हा वेगळा नियम आहे, दरवाजे किती, खिडक्या किती सगळं त्यात. पासिंगच्या दिवशी गाडी कोडप्रमाणेच असते. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये काय वेल्डिंग होतं ते सगळ्यांना माहीत आहे. मी भावाची बाजू घेतो, पण हे नाकारत नाही.

जुना_मेकॅनिक:

चर्चा बसवर गेली ते बरंच झालं. फरक नेमका इथे आहे. बसचं पासिंग ठरलेल्या मुदतीने होतं, पण त्या एका गाडीपुरतं. विमानाला एकदा प्रमाणपत्र मिळालं म्हणून सुटका नाही. जगात कुठेही त्या जातीच्या एका विमानात धोकादायक दोष निघाला की त्या जातीच्या प्रत्येक विमानामागे आदेश लागू शकतो, मग ते कुठल्याही देशात असो, कोणत्याही मालकाचं असो.

तापीकाठ, जळगावला उतरणाऱ्या एटीआरच्या, म्हणजे त्या पंख्याच्या लहान विमानाच्या, पंखाची पुढची कड बघा. काळी रबरी पट्टी दिसेल. बर्फ साचला की ती हवेने फुगते आणि बर्फ फोडते. 31 ऑक्टोबर 1994 ला अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-72 पडलं, 68 माणसं गेली. बर्फ पट्टीच्या मागे, पट्टी पोचत नव्हती तिथे साचला होता. त्यानंतर सक्तीने पंखाच्या बाहेरच्या भागातली पट्टी रुंद करायला लावली. तुमच्या वहिनी ज्या विमानाने मुंबईला जातात त्यावर ती आहे, कारण कोणी कंपनीला ‘जमेल तेव्हा करा’ म्हटलं नाही.

आपल्याच देशातलं सांगतो. 12 नोव्हेंबर 1996, चरखी दादरी. दोन विमानं हवेत धडकली, 349 मेले. टक्कर टाळणारं यंत्र तेव्हा जगात होतं. आपल्याकडे ते बंधनकारक झालं या अपघातानंतर.

धुळे_एअरो:

मी शिकतोय, लहान तोंडी मोठा घास वाटेल. तापीकाठ काकांनी अहमदाबादचा अहवाल अर्धाच सांगितला. त्याच अहवालात आहे की डिसेंबर 2018 मध्ये एफएएने एक माहितीपत्रक काढलं होतं. इंधनाचा स्विच उचलून मगच सरकवता येतो, त्याला लॉक असतं. काही बोइंग 737 वर ते लॉक सुटलेलं आढळलं. तशीच रचना बोइंग 787 वरही, म्हणजे अहमदाबादच्या विमानाच्या जातीवरही, म्हणून तपासून घ्या, असा सल्ला होता. सल्लाच, आदेश नाही. एअर इंडियाने सांगितलं की बंधनकारक नसल्यामुळे तपासणी केली नव्हती.

तापीकाठ:

थांब बाळा. अहवालात लॉक बिघडलं म्हणून अपघात झाला असं एक वाक्य दाखव. दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद झाले एवढंच लिहिलंय. लॉक असलेलं मॉड्यूल 2019 आणि 2023 ला बदललेलं होतं, हेही त्यातच आहे. जुलैमध्ये कंपनीने आपल्या सगळ्या 787 विमानांचे स्विच तपासले, काही सापडलं नाही. मेलेल्या माणसांच्या नावाने अर्धवट गोष्टी पसरवू नका. माझ्या ओळखीतलं एक घर त्यात उद्ध्वस्त झालंय.

अमळनेरचा_मास्तर:

पोरावर कशाला घसरता? त्याने लॉकमुळे झालं असं कुठे म्हटलं?

जुना_मेकॅनिक:

तापीकाठ बरोबर बोलतात. कारण सिद्ध झालेलं नाही आणि तसं मीही म्हणणार नाही. पण तारखा बघा. डिसेंबर 2018 चा सल्ला. साडेसहा वर्षं त्या कंपनीला स्विच बघावासा वाटला नाही. 14 जुलै 2025 ला डीजीसीएने आदेश काढला, 21 तारखेपर्यंतची मुदत दिली, आणि आठवड्याभरात सगळे स्विच बघून झाले. म्हणजे काम अवघड नव्हतं, महागही नव्हतं. काही सापडलं नाही याचा आनंदच आहे. पण ‘काही नाही’ हे आपल्याला जून 2025 च्या आधी माहीत असायला हवं होतं, नंतर नव्हे.

खर्चाचंही बोलू. अमेरिकेच्या बहुतेक आदेशांत खर्चाचा अंदाज छापलेला असतो. मजुरी तासाला 85 डॉलर धरून, सुटे भाग वेगळे. तातडीचं नसेल तर आधी मसुदा काढतात, कंपन्या हरकती घेतात, मुदत वाढवून मागतात. कित्येक आदेश असे की नुसता डोळ्याने बघायचा भाग. 787 ला 2015 मध्ये आदेश निघाला की वीजपुरवठा सलग 248 दिवस चालू ठेवायचा नाही, नाहीतर जनरेटरचे कंट्रोल युनिट बंद पडू शकतात. करायचं काय? मुदतीआधी बंद करून परत चालू करायचं. याने कुठल्या गावाचं विमान बंद पडतं?

तापीकाठ:

तुम्ही स्वस्तातले आदेश निवडून सांगता. इंजिनं बदला म्हटल्यावर काय झालं? 2019 च्या शेवटी डीजीसीएने ए320निओची इंजिनं बदलायला सांगितली, तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. 2023 च्या मे महिन्यात एक अख्खी कंपनी बसली, तीही इंजिनाचंच कारण देऊन.

तरी एक मान्य करतो. सल्ला काढून कंपनीवर सोडलं तर ती करत नाही. साडेसहा वर्षांचा हिशोब मला खोडता येत नाही. तारीख टाकून आदेश हवा, ठीक. पण मग लहान गावांच्या विमानसेवेसाठी सरकारच्या उडान योजनेचं अनुदान देताना कंपनीला हेही लिहून द्यायला लावा की आदेशामुळे विमान बसलं तर बदली विमान देऊ, नाहीतर प्रवाशाला दुसरी सोय करून देऊ. त्यावर इथे एकही जण बोलला नाही.

जुना_मेकॅनिक:

यावर तुमच्या मागणीखाली माझी सही घ्या. ते काम सरकारचं आहे, मेकॅनिकच्या पान्याचं नाही. पण विमान उडत राहावं म्हणून पाना बाजूला ठेवा, एवढं कोणी मला सांगू नये.

धुळे_एअरो:

पॅरिसच्या विमानाबद्दल वाचलं होतं की दुरुस्ती झाल्याचे शिक्के कारखान्यातच कागदावर पडले होते आणि आधाराची पट्टी बसवलेलीच नव्हती. मग सक्ती असती तरी काय फरक पडला असता?

जुना_मेकॅनिक:

प्रश्न चोख आहे. खोटा शिक्का आदेशानेही थांबतोच असं नाही. पण आदेश असता तर विमान घेणाऱ्याच्या रजिस्टरला त्याची नोंद लागली असती, त्याच्या माणसाला दरवाजा उघडून बघावा लागला असता. दुसरा डोळा पडला असता. खोटी सही केली तर लायसन्स जातं ही भीती मी स्वतः बाळगून होतो, आणि ती असायलाच हवी.

भुसावळची_सून:

तुमचं मिटलं का? आमचं नाही मिटलं. लेक नाताळच्या सुट्टीला येणार आहे, परत जाताना पुन्हा रात्रीची गाडी. पारोळा भाऊ, सरळ सांगा, तुमच्या मावसभावाच्या गाडीचा मागचा दरवाजा उघडतो का?

पारोळा_रोडलाइन्स:

आत्ता फोन केला होता. एका गाडीचा उघडतो. दुसरीचा गंजलाय, त्याला उद्या गॅरेजला घालायला सांगितलंय. पार्सलचं त्याने कबूल केलेलं नाही, खोटं सांगत नाही. सुटायच्या दिवशी मी स्वतः स्टँडवर येतो, तुम्ही पण या, दोघं मिळून दरवाजा उघडून बघू.