मदत हवी आहे: कार्डवर नोकरीवाल्या साईटचे पैसे कटायलेत, कशाचे ते कळंना

वाळूज_शेड (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट बघितलं तर त्यात त्या प्रोफाइल बनवायच्या, नोकरी शोधायच्या साईटच्या नावानं एंट्र्याच एंट्र्या. नाव अर्धवट छापलंय, पुढं परदेशातल्या शहराचं नाव अन कसलेतरी आकडे. मी माझ्या खात्यात जाऊन बघितलं, खातं फुकटातलंच आहे, प्रीमियम नाई काई नाई. त्यांना फोन करावं तर नंबरच दिलेला नाई, नुसता चॅटवरचा रोबोट 'आपला प्रश्न सुटला का' विचारत बसतो. बँकेवाले म्हणायलेत फ्रॉड असंल तर कार्ड ब्लॉक करा. ब्लॉक केलं तर लाईट बिलापासून सगळं अडकतंय. पैसे परत कसे मिळतील तेवढं सांगा, बाकी ज्ञान नको.

लातूर_पॅटर्न
फ्री ट्रायल घेतला असंल दादा. पहिला महिना फुकट म्हणून कार्ड मागतात, महिना संपला की आपोआप पैसे कटायला चालू. आमच्या भाचीचं असंच झालतं. तिनं ॲप डिलीट केलं अन तिला वाटलं झालं बंद, पैसे कटतच राहिले, ॲप काढल्यानं काही बंद होत नसतंय, सबस्क्रिप्शनमधी जाऊन रद्द करावं लागतं. अन ॲपमधून घेतलं असंल तर ते प्ले स्टोअरमधून रद्द करायचं, साईटवर कितीबी शोधा सापडत नाई.

वाळूज_शेड
वर लिवलंय की, खातं फुकटातलं आहे. ट्रायल घेतला नाई.

गोदाकाठ
रक्कम किती, तारखा कोणत्या, दर महिन्याला सारखीच रक्कम आहे का वेगवेगळी, कार्ड तुमच्या एकट्याचं आहे का ॲड-ऑन (त्याच खात्यावरचं दुसऱ्याच्या नावाचं कार्ड) पण आहे? यातलं काहीच सांगितलं नाहीत, मग आम्ही काय पंचांग बघून सांगायचं का?

निवृत्त_कॅशियर
बाकी चर्चा नंतर. आधी बँकेला लेखी कळवा अन तक्रार नंबर घ्या. आरबीआयचं 6 जुलै 2017 चं सर्क्युलर आहे. चूक तुमची नाही, बँकेची पण नाही, तिसऱ्याच कुणीतरी केलंय, असं असेल तर बँकेचा मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं की तुमच्यावर शून्य जबाबदारी. 4 ते 7 दिवस झाले तर ठराविक मर्यादेपर्यंत तुमच्या अंगावर येतं, त्याच्यापुढं बँकेच्या ठरलेल्या धोरणाप्रमाणं. कळवल्यावर 10 कामकाजाच्या दिवसांत बँकेनं तात्पुरते पैसे जमा करायचे असतात. तुम्ही स्टेटमेंट यायची वाट बघत बसलात. तरी आजच्या आज कार्ड ब्लॉक करा.

गोदाकाठ
काका, ते सगळं अनधिकृत व्यवहाराला लागू आहे. हा अनधिकृत आहे का नाही हेच अजून ठरलेलं नाही. उद्या फ्रॉड म्हणून सही करून दिलं अन साईटवाल्यांनी ह्यांच्याच नावाचं बिल काढून दाखवलं तर तक्रार पण जाईल अन कार्ड पण जाईल.

निवृत्त_कॅशियर
अन तपास करता करता मुदत गेली तर? मी काउंटरवर अशी माणसं बघितलीत, 'बघू उद्या' म्हणत म्हणत महिना घालवतात.

कडा_ऑफिस
भांडू नका. ब्लॉक करायची गरजच नाही. बँकेच्या ॲपमधे कार्डाचे ऑनलाईन अन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करायचं बटण असतं, 2020 पासून सगळ्या बँकांना ते द्यावंच लागतं. आंतरराष्ट्रीय आज बंद करा, दुकानातलं स्वाइप चालू राहील. लाईट बिलाचं ऑनलाईन तेवढं बघून ठरवा.

वाळूज_शेड
आंतरराष्ट्रीय बंद केलं. रकमा घ्या. 1,770 दर महिन्याला, तारीख पण जवळपास तीच. मधे मधे 613.60, 944, 389.40 अशा. अन प्रत्येकाच्या खाली अजून एक बारकी रक्कम, तिच्यापुढं नाव पण नाई. एक रुपया दोन रुपये असतं तर सोडून दिलं असतं, पण हे दर महिन्याला चालूच आहे.

गोदाकाठ
आता बोललात. सगळ्यांना 1.18 नी भागा. 1,500, 520, 800, 330. एकबी पैसा वर नाई. म्हणजे 18 टक्के जीएसटी लावलेली रीतसर बिलं आहेत, चोराचं काम नाई.

जालना_स्टील
थांबा भौ. जीएसटी लागला म्हणजे दुकान खरं आहे एवढंच कळतं. गिऱ्हाईक खरं का खोटं ते कुठं कळालं? चोरीच्या कार्डावर कुणी खऱ्या दुकानातून घेतलं तरी दुकानदार जीएसटी लावणारच की. माझ्या एका पाहुण्याच्या कार्डावर कुणीतरी जाहिराती चालवल्या होत्या, त्यालाबी टॅक्स लावलेला होता.

गोदाकाठ
मान्य. चोराबद्दलचं मागं घेतो. पण रकमांची तऱ्हा बघा. एक ठराविक रक्कम ठराविक तारखेला, ती मेंबरशिप. बाकीच्या कमी-जास्त, त्या जाहिरातीच्या असतात. नोकरीची जाहिरात पैसे देऊन वर आणली की रोजचं बजेट टाकायचं असतं, लोक जेवढे क्लिक करतील तसे पैसे चढत जातात अन ठराविक रक्कम झाली की कार्डावरून वळते होतात. जाहिरात बंद करेपर्यंत चालूच. आता खरं सांगा, तुमच्या कंपनीचं पेज आहे का तिथं?

मुदखेडचा_अकाउंटंट
ती बारकी रक्कम बहुतेक फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क, अन त्याच्यावरचा जीएसटी. दुकान परदेशात नोंदलेलं असलं की व्यवहार रुपयात दाखवला तरी कित्येक बँका ते लावतात. त्याची तक्रार साईटकडं करून उपयोग नाही, ते पैसे बँकेच्या घशात.

वाळूज_शेड
शेडचं पेज आहे. पण मी चालवत नाई. ऑफिसमधली मुलगी बघायची, ती दिवाळीनंतर पुण्याला लागली. तिच्याकडं कार्ड नव्हतं, कार्ड माझ्या पाकिटात असतं.

लातूर_पॅटर्न
अरारारा. हे पहिल्या ओळीत लिवायचं असतंय दादा.

परभणी_आयटीआय
मला एक कळत नाही, वाळूजच्या शेडला ऑपरेटर पाहिजे म्हणून असल्या साईटवर पैसे कशाला घालायलेत? आमची पोरं ती साईट उघडत पण नाहीत. गेटवर बोर्ड लावा, आयटीआयला एक पत्र टाका, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक मेसेज फिरवा, दुसऱ्या दिवशी रांग लागंल. सरकारचं महास्वयम् पोर्टल आहे, मालकाला नोंदणी फुकट. अप्रेंटिस पाहिजे तर त्याचं केंद्राचं वेगळं पोर्टल आहे, ते पण फुकट.

जालना_स्टील
महास्वयम् वर मी टाकलं होतं, फिटर मागितला तर बी.ए. वाले अर्ज आले. ठेकेदारच बरा.

परभणी_आयटीआय
ठेकेदार पोरांच्या पगारातून किती खातो ते पण सांगा की मग.

गोदाकाठ
तो वेगळा धागा काढा. वाळूजवाले दादा, कार्ड पाकिटात असलं म्हणून काय झालं, नंबर एकदा टाकला की पुढं कार्ड लागत नाही. त्या वेळेस ओटीपी कुणाला गेला? आरबीआयच्या नियमात 15,000 पर्यंतची पुढची वसुली ओटीपीशिवाय होते, पण पहिल्यांदा नोंदवताना ओटीपी लागतो, अन दर वेळेला पैसे कटायच्या कमीत कमी 24 तास आधी बँकेनं कळवायचं असतं. ते मेसेज कुणाच्या मोबाईलवर यायलेत?

वाळूज_शेड
मला एकबी आला नाई. कार्डाला ऑफिसचा नंबर आहे. तो फोन अकाउंटंटकडं असतो.

निवृत्त_कॅशियर
कार्ड एकाच्या खिशात, मेसेज दुसऱ्याच्या खिशात, अन खातं तिसऱ्याचं. कंपनीचं कार्ड असं वापरतात होय? नंबर बदलून घ्या आधी. अन बँकेच्या साईटवर ई-मँडेटची, म्हणजे कार्डावरून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानग्यांची, यादी असते ती उघडा, त्यात हे नाव दिसलं तर तिथूनच रद्द करता येतं, बँक त्याला नाही म्हणू शकत नाही.

गोदाकाठ
काका हे बरोबर बोलले. फक्त एक, मँडेट रद्द केल्यानं जाहिरात आपोआप बंद होईलच असं नाही, आधीची थकबाकी राहू शकते. ज्या खात्यातून जाहिरात टाकली त्यातूनच बंद करावी लागते. तुम्ही तुमच्या खात्यात शोधत बसलात म्हणून सापडलं नाही, बिलं त्या मुलीच्या वैयक्तिक प्रोफाइलला लागलेली असणार. तिला फोन करा, नीट बोला, खरेदीचा इतिहास उघडून पावत्यांचे फोटो पाठव म्हणा. शेवटचे चार आकडे तुमच्या कार्डाशी जुळले की विषय मिटला. नाही जुळले तर मात्र काका म्हणतात तसं त्याच घटकेला बँकेत लेखी द्या, अन 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करा.

उदगीर_एक्सप्रेस
यूपीआय ऑटोपे बंद करायचं असंल तर फोनमधल्या पेमेंट ॲपमधी प्रोफाइल, मग ऑटोपे, तिथून थांबवा. ओटीटीचं माझं तसंच बंद केलं.

लातूर_पॅटर्न
यूपीआयचा विषयच नाई इथं साहेब.

वाळूज_शेड
बोललो तिच्याशी. चार आकडे आपलेच. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटरची जाहिरात अजून चालू होती, अन माणसं शोधायची कसली मेंबरशिप तीबी. ती म्हणायली कार्ड अकाउंटंटनीच टाकून दिलं होतं, सर म्हणले म्हणून. अकाउंटंट म्हणतोय मला वाटलं तुम्हाला माहितीय. तिनं दोन्ही बंद केलं, बंद झाल्याचा मेल पण पाठवला. मेंबरशिपच्या या महिन्याच्या पैशांसाठी तिच्याच खात्यातून अर्ज टाकायला लावलाय, मी टाकला तर ते म्हणतात खरेदी तुमची नाही. बँकेला काही दिलं नाई. ते आंतरराष्ट्रीय बंदच ठेवतो आता. अन हे बिल कंपनीचं आहे तर जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला टॅक्स आपल्या टॅक्समधून वजा, मिळंल का?

मुदखेडचा_अकाउंटंट
बिलावर तुमचा जीएसटी नंबर आहे का ते बघा. मुलीच्या वैयक्तिक नावावर बिल असंल तर क्रेडिट विसरा. नंबर आधीच टाकला असता अन बिल परदेशातल्या कंपनीचं असतं तर त्यांनी टॅक्स लावलाच नसता, तुम्ही रिव्हर्स चार्जनं, म्हणजे विकणाऱ्याऐवजी स्वतःच टॅक्स भरून, क्रेडिट घेतलं असतं. तुमच्या अकाउंटंटला हे विचारा, बाकीचं विचारायच्या आधी.

परभणी_आयटीआय
ती सीएनसीची जागा भरली का? आपल्याकडं पूर्णा तालुक्यातली दोन पोरं आहेत, टर्नर ट्रेड झालेली, सीएनसी मशीनच्या फॅनुक कंट्रोलवर हात बसलाय. राहायची सोय असंल तर लगेच येतील.

वाळूज_शेड
एक जागा आहे. रात्रपाळी जमंल का विचारा अन मेसेज करा.