प्रतिसाद: एवढं जड भांडं कशाला न्यायचं?
टिअरड्रॉपचं (गाडीमागे ओढायच्या, थेंबाच्या आकाराच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरचं) मागचं झाकण उचललं की ओटा, शेगडी तयार. मग बिडाचं डच ओव्हन, म्हणजे खाली-वर निखारे ठेवून शिजवायचं झाकणाचं जाड भांडं, सहलीला कशाला वाहायचं, असं वरच्या पोस्टमध्ये विचारलंय. अहो, शेगडीवर एकटीच रांधते, निखाऱ्यांभोवती चौघी बसतात! बारा इंची भांड्यात साधारण ३५० फॅरनहाइट हवं तर कोळशाच्या वड्या आठ खाली, सोळा झाकणावर. झाकणाला उभी कड असते, त्यामुळे राख आतल्या पीच कॉब्लरमध्ये (पीच फळाच्या भाजलेल्या गोड पदार्थात) पडत नाही. (माझ्या हातून पडली, ते सोडा.) अमेरिकेत १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘सिस्टर्स ऑन द फ्लाय’ या बायकांच्या भटकंती गटाच्या सहलींत डच ओव्हन असतंच, आणि नवरे घरी! मला मात्र आजीचं धोंडस, म्हणजे काकडीचा कोकणी केक, आठवलं. तिथेही निखारे वरखाली. पुढच्या खेपेला गूळ, रवा आणि तवसं (मोठी काकडी) घेऊन जाणार आहे.